पार्किंगमधली वायर – बी विंगचा ग्रुप, फोंडा

कामत ३०३ (सकाळी ६.४८): सुप्रभात 🙏 पार्किंगमध्ये मीटरबॉक्सपासून चौथ्या खांबापर्यंत एक्स्टेन्शन वायर रात्रभर पडून आहे. खाली पाणी साचलेले. दुसऱ्या टोकाला बॅटरी चार्जिंगला. आत्ता पोदेर (पाववाला) सायकल घेऊन त्यावरून गेला. हे कोणी केले? आणि कॉमन मीटरचे बिल कोण भरणार?

रोहन १०२: काका, माझी वायर. बटण दाबलं की नुसतं टिक-टिक-टिक, बाईक लागतच नाही. कुंडईला पहिली शिफ्ट आहे. आता काढतोच.

गावडे वहिनी २०१: काढलीस का रे? मुलं शाळेला खाली उतरतायत.

रोहन १०२: काढली वहिनी.

शिरोडकर (सेक्रेटरी): कॉमन मीटरवरून खासगी चार्जिंग करायचे नाही हे स्कूटरच्या वेळीच ठरले आहे. सर्वांना पुन्हा नम्र विनंती.

सावंत ३०१: सर्वांना म्हणजे मलाच ना? माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरसाठी सबमीटर मी स्वतःच्या पैशांनी बसवला.

शिरोडकर (सेक्रेटरी): तुमचे नाव घेतलेले नाही, सावंत.

सावंत ३०१: घ्यावं लागत नाही.

परेश २०२: रोहन, बॅटरी बदल. विषय संपला.

रोहन १०२: पावसाआधीच नवी घातलीय रे.

नाईक १०४: थांबा जरा. रोहन, रात्रभर चार्ज केल्यावर आज गाडी लागली?

रोहन १०२: एका झटक्यात, काका. पण कामावरून घरी पोचेपर्यंत परत मरते.

नाईक १०४: मग बॅटरीला दोष देऊ नकोस. ती चालताना भरते का ते बघायला हवं. माझा मल्टीमीटर घेऊन जा. डीसी २० व्होल्टवर ठेव, बॅटरीच्या दोन टोकांना लाव. गाडी काही तास उभी असेल तर भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग किक मारून चालू कर, रेस चार-पाच हजारांवर धर. आकडा १३.५ ते १४.५ मध्ये आला पाहिजे. जागचा हलला नाही तर चार्जिंग नाही. १५ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, गेला; तो बॅटरी उकळवून मारेल.

सुलभाताई १०१: आज ७ वाजता टेरेसवर चवथीच्या आरत्यांची प्रॅक्टिस. घुमट कोणाकडे आहे?

कामत ३०३: कॉमन मीटरचे बिल कोण भरणार?

परेश २०२: मल्टीमीटर कशाला? गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. बंद पडली तर चार्जिंग गेलं. आणि फ्यूज उडाला असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळ, कॉलेजात आम्ही तेच करायचो.

नाईक १०४: परेश, हे इथे लिहू नकोस, पोरं वाचतात. चालू गाडीची बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं, ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, उडू शकतो. आणि १५ अँपिअरचा फ्यूज गेला तर १५ चाच घालायचा. चांदी लावली की फ्यूज उडत नाही, वायर जळते. ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

परेश २०२: हा मेसेज हटवला गेला

सुलभाताई १०१: घुमट??

रोहन १०२ (संध्या. ५.५२): काका, बंद असताना १२.२. चालू करून रेस दिली तर १२.१.

नाईक १०४: चार्जिंग शून्य. आता रेग्युलेटरकडे जाणारा तीन पिवळ्या वायरींचा कपलर (प्लगचा जोड) शोध. त्या स्टेटरकडून, म्हणजे इंजिनात वीज बनवणाऱ्या कॉइलकडून येतात. इंजिन बंद असतानाच कपलर सोडव, मीटर एसीवर घे, मग चालू करून स्टेटरच्या बाजूला दोन-दोन वायरी मोज. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा आणि रेसबरोबर चढता हवा. उघड्या पिनांना हात लावू नकोस, रेसला तिथे ५० व्होल्टच्या वर जाऊ शकतं. मग गाडी बंद करून, मीटर बीपवर (कंटिन्युइटी) घेऊन स्टेटरच्या बाजूची प्रत्येक पिवळी आणि इंजिनची बॉडी तपास. बीप वाजली तर स्टेटर शॉर्ट.

सावंत ३०१: दर रविवारी प्रेशर पाइपने गाडी धुतल्यावर आणखी काय होणार? ते सगळं पाणी माझ्या स्कूटरखाली येतं, हेही जाता जाता नमूद करतो.

रोहन १०२: सावंतदादा, तुमची स्कूटर माझ्या अर्ध्या जागेत असते म्हणून येतं.

शिरोडकर (सेक्रेटरी): पार्किंगच्या रेषांचा विषय मीटिंगमध्ये घेऊ. इथे नको 🙏

रोहन १०२ (६.२५): [फोटो] काका, हे बघा. एका पिवळीची पिन काळी पडलीय, प्लास्टिक वितळलंय, आत हिरवट. तिन्ही जोड्या सारख्या, बीप नाही.

नाईक १०४: सापडलं! स्टेटर ठणठणीत आहे. पाणी आत गेलं, पिन गंजली, गंजामुळे गरम झाली, गरम होऊन सैल पडली, सैल पडल्यावर आणखी गरम. गॅरेजवाला काय म्हणाला होता?

रोहन १०२: स्टेटर आणि रेग्युलेटर दोन्ही बदला. खर्च ऐकून परत आलो.

नाईक १०४: न मोजता सांगतात, याचाच मला राग येतो. नवा कपलर आण, पिना क्रिंप करून (पक्कडीने घट्ट दाबून) घे. पीळ देऊन टेप लावलीस तर पाऊस संपायच्या आत तेच होईल. काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढ, जोडताना शेवटी. नाहीतर पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला की ठिणगी. ते दोन फॉगलाइट थेट बॅटरीवर आहेत ना?

रोहन १०२: हो. चोर्ला घाटात पावसात धुकं असतं म्हणून.

नाईक १०४: घाटात लाव, नाही कोण म्हणतो? पण २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट तसाही कायम चालू, त्यावर हा भार. रिले (चावीवर चालणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज घाल. चावी काढली की ते बंद झाले पाहिजेत.

सुलभाताई १०१: घुमट मिळालं, गच्चीच्या खोलीत होतं. सगळ्यांनी वर या. नाईकबाब, तुमच्याशिवाय आरत्या अडल्यात.

रोहन १०२ (दुसऱ्या दिवशी, संध्या. ७.१०): बसवला कपलर. रेसवर १४.१! देव बरें करूं, नाईककाका 🙏

गावडे वहिनी २०१: छान झालं रे. पैसे वाचले.

कामत ३०३: अभिनंदन. कॉमन मीटरचे बिल कोण भरणार?

सावंत ३०१: १२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ६० वॉट-अवर. चार्जरचा तोटा धरूनही एका युनिटचा दहावा भाग. कामतकाका, द्या सोडून.

कामत ३०३: युनिटचे मलाही कळते, सावंत. माझा नातू अनवाणी खाली जातो. त्या वायरीचा सांधा पाण्यात होता, तो मी स्वतः पाहिला.

नाईक १०४: कामतांचं इथे शंभर टक्के बरोबर आहे. सांधा जमिनीवर नकोच. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखणारा स्विच) असलेल्या पॉइंटवरूनच वीज घ्यायची, गळती झाली की ती लगेच पडते. शिरोडकर, पार्किंगच्या बोर्डाला आहे का?

शिरोडकर (सेक्रेटरी): इलेक्ट्रिशियनला विचारून सांगतो.

कामत ३०३: गेल्या मीटिंगमध्ये हेच विचारले होते. मिनिट्स काढून बघा.

रोहन १०२: कामतकाका, पुढच्या वेळी बॅटरी काढून घरीच चार्ज करतो.

नाईक १०४: खिडकी उघडी ठेव, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. देवघरापासून, समईपासून लांब. आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास, जास्त नको.

गावडे वहिनी २०१: नाईकबाब, विषय निघालाच आहे तर, माझ्या स्कूटरचा डावा इंडिकेटर एकदम भराभर लुकलुकतो. उजवा बरा आहे.

नाईक १०४: डाव्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेला असणार, वहिनी. बटण चालू ठेवून दोन्ही बघा. दोन्ही पेटत असतील तर त्या बाजूचा होल्डर गंजलेला असू शकतो. मी खालीच आहे, स्कूटर घेऊन या.