मदत हवी आहे: 'शायनिंग' मारणाऱ्या लष्करी वैमानिकांवरची युद्धकाळातली कार्टूनं

नमस्कार मंडळी,

आमच्या फिल्म क्लबात दुसऱ्या महायुद्धातल्या प्रशिक्षण-कार्टूनांची एक संध्याकाळ करायची आहे. प्रेक्षकांत एनसीसीच्या एअर विंगची पोरं असतील, म्हणून पायदळातला नको, विमान उडवणारा दिवटा हवाय. तिथंच घोडं अडलंय.

प्रायव्हेट स्नाफू हा कार्टूनातला धांदरट शिपाई ढिगानं मिळतो. वॉर्नर ब्रदर्सवाल्यांनी १९४३ ते ४५ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी काढलेला. बऱ्याच भागांचं लेखन बालसाहित्यिक डॉ. स्यूसचं, आवाज बग्ज बनीवाल्या मेल ब्लँकचा. त्यातला 'स्नाफूपरमॅन' (१९४४) जवळपास जातो. साहेबांना नकाशे आणि मॅन्युअलं वाचायचा कंटाळा. मग परी प्रकटते. परी म्हणजे दाढीचे खुंट वाढलेला, तोंडात सिगार, अंगावर फक्त चड्डी-मोजे-टोपी असा पंखवाला बाप्या! त्याच्याकडून अचाट शक्ती घेऊन गडी बर्लिनवर बॉम्ब टाकायला निघतो आणि पोचतो वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर. झकास आहे, पण हा विमानाशिवायच उडतो. दुसऱ्या एका प्रशिक्षण-कार्टूनातला 'ट्रिगर जो' विमानात असतो, पण तो पडला गनर, म्हणजे विमानातली बंदूक चालवणारा.

वैमानिकांची खरी टिंगल कागदावरच जास्त दिसते. अमेरिकी नौदलाचा बावळट वैमानिक डिल्बर्ट (रॉबर्ट ऑस्बॉर्नची पोस्टरं) आणि ब्रिटिश हवाई दलाच्या 'टी एम' मासिकातला पायलट ऑफिसर प्रून. या प्रूनच्या नावानं गाढवपणा करणाऱ्यांना चक्क एक मानचिन्हही देत!

हलत्या चित्रांत माझ्या मनात भरलेलं एकच: यूपीए (युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका) या कार्टून स्टुडिओनं अमेरिकी नौदलासाठी केलेलं 'फ्लॅट हॅटिंग', दिग्दर्शक जॉन हब्ली. विषय एकच, घरांच्या छपरांना घासून विमान नेणारे हिरो. साल १९४६, म्हणजे युद्ध आटोपलेलं, पण खोड युद्धातलीच. डिस्नेचा गुबगुबीतपणा त्यात नाही, सपाट रंग आणि मोजक्या रेषा. 'नियम पाळा' म्हणून दरडावण्यापेक्षा चारचौघांत हसं करणं वैमानिकाला जास्त झोंबतं, हे त्या लोकांनी बरोबर हेरलं होतं.

तर जाणकारांनो, या 'फ्लॅट हॅटिंग'ची पडद्यावर लावण्याजोगी स्वच्छ प्रिंट कुठं मिळेल? यूट्यूबवरच्या प्रती प्रोजेक्टरवर फुटतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून कुणी फिल्मची प्रत मागवली असेल तर रीत सांगा. अशी आणखी नावं आठवली तर तीही टाका. ब्रिटिश किंवा रशियन असतील तर फारच उत्तम. मराठी सबटायटलं करायला कुणी हात दिला तर चहा-वडापाव माझ्याकडून.