बर काढणे, कड मोडणे, घोटणे : पितळी पट्ट्यांच्या कामातले शब्द

(नाशिकच्या चार भागांतल्या चौघांचं बोलणं; प्रत्येकाला त्याच्या भागाचं नाव दिलं आहे.)

गंगापूर रोड : २ मिमी पितळी पत्र्यातून नावपट्ट्या, चकत्या कापल्या की काठाला बारीक कुसं राहतात. ती काढण्याला मराठीत काय म्हणावं? की सगळंच 'फिनिशिंग'?

सातपूर : वर्कशॉपमध्ये त्याला 'बर' म्हणतात, आणि कामाला 'बर काढणे'. करवत किंवा ड्रिल जिथून बाहेर पडतं, त्या बाजूला बर जास्त येते. 'कड मोडणे' हे त्यानंतरचं काम. बर निघाली तरी कड हाताला कापते, म्हणून ती ०.२ मिमीच्या आसपास मोडायची, म्हणजे किंचित बोथट करायची. ड्रॉइंगमध्ये माप आणि कोन दिला असेल तर तो 'चॅम्फर', म्हणजे तिरकी कापलेली कड. नुसतं 'फिनिशिंग करा' म्हटलं की पट्टी थेट बफवर (पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर) जाते, भोकांच्या कडा गोल होतात आणि भोकामागे शेपटीसारखे लांबट पट्टे उमटतात. काम देताना 'बर काढणे', 'कड मोडणे' आणि 'चॅम्फर' हे तिन्ही शब्द वेगळेच लिहावेत.

अंबड : सहमत. क्रमही सांगतो.

कानस बारीक दातांची आणि पितळेसाठीच राखलेली हवी. लोखंडावर झिजलेली पितळेवर नुसती घसरते. तिला खडू चोळा, म्हणजे दातांत कण अडकून ओरखडे पडत नाहीत. ४ मिमी भोकाची बर काढायला ८ मिमी ड्रिल हातानेच दोन-तीन वेढे फिरवा. मशीनवर पितळ ड्रिलला आत ओढतं आणि पट्टी गरकन फिरते.

सपाट बाजूला जाड काचेवर पाणी लावलेला पॉलिश पेपर : ४००, ६००, ८००, १२००. दर नंबरला घासायची दिशा ९० अंशांनी बदला. आधीच्या आडव्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. पट्टी बोटाने दाबून घासली तर ती डुलते आणि कडा उतरतात. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लाकडी ठोकळ्यावर बसवा. पेपरनेही कडेला पुन्हा सूक्ष्म बर येते, हे बहुतेक जण विसरतात. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. तंतू अडकला तर बर आहे.

गंगापूर रोड : मग 'घोटणे' आणि 'झिलई'?

भांडी बाजार : घासण्यात धातू निघतो, घोटण्यात निघत नाही, कठीण, गुळगुळीत हत्याराने दाबून पृष्ठभाग सपाट करायचा. त्याने येते ती झिलई. कल्हई म्हणजे कथलाचा थर, तिचा इथे संबंध नाही. चिंचेने होतं ते 'उजळणं' : काळपटपणा जातो, ओरखडे तसेच राहतात.