मदत हवी आहे : कपाटातला हात असलेलं विनोदी नाटक कोणतं?

लहानपणी आजीबरोबर व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेलं एक मराठी नाटक शोधतोय. नाव, लेखक, नट काहीच आठवत नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीवर कोणीतरी दुसरंच काही रेकॉर्ड केलं होतं.

एक प्रवेश मात्र लख्ख आठवतो. भाडेकरू घरमालकाला चुकवायला कपाटात लपतो. दार नीट लागत नाही, फटीतून हात बाहेर राहतो. घरमालक बोलता बोलता त्याच हाताला खुंटी समजून छत्री अडकवतो. थोड्या वेळाने टोपीही. हात हळूहळू खाली येऊ लागतो आणि घरमालक न बघताच तो पुन्हा वर करून ठेवतो! आजी इथे पदर तोंडाला लावून हसायची.

'मोरूची मावशी' नाही, यात कुणीही बाईचं सोंग घेत नाही. बबन प्रभूंची 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' आणि 'झोपी गेलेला जागा झाला' ही दोन्ही पुन्हा पाहिली, त्यांतही हा प्रवेश सापडला नाही. कदाचित प्रयोगात नटांनीच वाढवलेली जागा असेल. फार्समध्ये असं होतंच.

आजीला आता कमी दिसतं, पण ऐकू छान येतं. तिला हे नाटक पुन्हा ऐकवायचंय. कुणाला नाव आठवतंय का? नुसता अंदाज असला तरी सांगा.