सकाळी दिवा लागतो, अर्ध्या तासात विझतो. टायरच्या हवेचा हिशेब जुळेना

रोजमेळ
आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं, त्यामुळे आकडे जुळले नाहीत की मला चैन पडत नाही. गाडी चार वर्षांची, चालवते मीच. गेले चार दिवस सकाळी गाडी काढली की डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा तो पिवळा दिवा लागतो, नालाच्या आकाराचा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला. अर्धा तास चालवली की आपोआप जातो.

हवा दहाच दिवसांपूर्वी भरलीय. दीड तास गाडी पळवून झाल्यावर, भर दुपारी, चारही चाकांत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर तोच आकडा आहे. आज स्क्रीनवर पाहिलं ते वहीत असं उतरवलंय:

सकाळी ७ : पुढची दोन्ही २८, मागचं उजवं २७, मागचं डावं २४
सकाळी ७.३० : पुढची दोन्ही ३१, मागचं उजवं ३०, मागचं डावं २७

भरले ३३, मग पाच गेले कुठे? आणि अर्ध्या तासात तीन आले कुठून? हे म्हणतात, दिवा स्वतःच विझतो म्हणजे बिघाड दिव्यातच आहे. दीर म्हणतात, टायरवरच ५१ छापलंय, तू सरळ ४० भर. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

हवाबाण
नायट्रोजन भरा ताई. प्रेशर हलतच नाही. चाकातला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नादी लागू नका.

जुना जॅक
हवाबाण, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. थंडी-उन्हाने तोही तसाच आकसतो आणि फुगतो.

रोजमेळताई, तुमची वही बरोबर आहे, चूक भरण्याच्या वेळेत आहे. स्टिकरवरचा ३३ हा थंड टायरचा आकडा. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली. तुम्ही दीड तास पळवून भरलीत. तापलेल्या टायरमध्ये प्रेशर तीन-चार पीएसआय चढलेलं असतं, म्हणजे तुमचे ३३ मुळात २९ होते. वर, हवामान १० अंशांनी गार झालं की साधारण दीड पीएसआय उतरतो. दुपार आणि पहाट यांतला फरक धरा, २८ येतात. अर्ध्या तासात आलेले तीन हे चाक चालून तापल्याचे. हवा तेवढीच आहे, फुगलीय.

पण मागचं डावं या हिशेबात बसत नाही. बाकी तिघं २७-२८ वर आणि ते एकटं २४ वर, म्हणजे तिथून हवा जातेय. बऱ्याच गाड्यांत ठरलेल्या आकड्याच्या पाऊण पटीच्या आसपास दिवा लागतो. ३३ चे पाऊण म्हणजे पावणेपंचवीस. म्हणून सकाळी लागतो आणि गरम होऊन २७ झालं की जातो. दिवा अगदी खरं बोलतोय. सेन्सरची बॅटरी संपली असती तर दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकला असता आणि मग तसाच लागून राहिला असता. लुकलुकतो का?

दिरांना सांगा, ५१ ही टायरची सोसण्याची कमाल आहे, भरायचा आकडा नव्हे. ४० भराल तर टायर मधोमध झिजेल आणि ब्रेकला पकड कमी मिळेल. पण २४ वर वेगात पळवणं त्याहून वाईट. टायरची बाजू सारखी दुमडत राहते, आतून तापते आणि फुटते ती अशीच.

तिसरा गिअर
माझ्या गाडीत आकडे दिसत नाहीत, नुसता दिवा. तिथे चाकात सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं आणि ते एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरला कळतं. चारही चाकं सारखीच उतरली तर याला पत्ताच नाही! मी शहाणपणा केला. दिवा लागला की हवा न भरताच रीसेटचं बटण दाबायचो. गाडीने ती कमी हवाच बरोबर म्हणून लक्षात ठेवली. महिनाभर दिवा नाही, मी खूश. टायरच्या दोन्ही कडा झिजल्यावर कळलं.

रोजमेळ
लुकलुकत नाही, सरळ लागतो. परवा सकाळी गाडी जागेवरून न हलवता पायपंपाने चारही ३३ केली. (पायपंप मारायला हे आले. दिवा खराब आहे हे मत अजून कायम आहे.) आज सकाळी: ३३, ३३, ३३, ३२. गेला ना एक पॉइंट! चाकावर साबणाचं पाणी ओतलं. रबरात खिळा नाही, रिमच्या कडेला काही नाही. व्हॉल्व्हच्या तोंडाशी मात्र बारीक बुडबुडे, एकामागून एक.

जुना जॅक
मग आतली पिन बदला, पाच मिनिटांचं काम. फक्त निकेलचा मुलामा असलेली घालायला सांगा. सेन्सरचा व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर साधी पितळी पिन गंजून आतच धरते, मग सेन्सरसकट काढावं लागतं. टोपीही प्लास्टिकचीच ठेवा.

आणि एक, स्टेपनी पाहिलीत का? तिच्यात बहुतेक सेन्सर नसतो, त्यामुळे स्क्रीनवर ती येतच नाही.

रोजमेळ
पिन बदलली. तीन सकाळी झाल्या, चारही ३३.
स्टेपनीला आत्ता गेज लावलं. १४.