मदत हवी आहे: रेडियम (चिकट व्हायनल शीट) कटिंगसाठी ठळक, कोनदार देवनागरी फॉन्ट

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दुकानासाठी ८ बाय ३ फुटांचा बोर्ड करायचा आहे. एकच ओळ: ‘हळद, गूळ, बेदाणा’. ८०-९० फुटांवरून सहज वाचता यावी म्हणून अक्षर ९ इंच उंच धरलंय. १० फुटांना १ इंच हा नेहमीचा हिशेब.

टेको (Teko) आणि खांड (Khand) हे फॉन्ट लावून पाहिले. दोन्ही मोफत आणि देखणे, पण अंगाने सडपातळ. आडव्या बोर्डावर बाजूला जागा उरते. ताणून रुंद करायचं नाही, कारण उभे दांडे जाड होतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते. सरपंच (Sarpanch) हा फॉन्ट रुंद आहे, त्याचं ब्लॅक म्हणजे सगळ्यात जाड वजन भारदस्त दिसतं. खरी कसोटी ‘ळ’ची. दोन पोकळ्या, दोन्ही लहान. जाडी वाढली की लांबून तो नुसता ठिपका दिसतो. ‘गूळ’चा दीर्घ ऊकारही बेताचाच हवा, नाहीतर खालची पट्टी अडते.

कटिंगआधी अक्षरं कर्व्ह (बाह्यरेषा) करून वेल्ड करतो, म्हणजे एकमेकांत जोडून घेतो, नाहीतर दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर येतात तिथे ब्लेड आडवं कापतं. तरी अणकुचीदार टोकं नको असलेलं रेडियम सोलताना उचलली जातात. ब्लेड ऑफसेट (ब्लेडचं टोक त्याच्या फिरण्याच्या मध्यापासून जेवढं बाजूला असतं ते अंतर) ०.२५ मिमी आहे.

कोपऱ्यांना किती गोलाई दिली तर कोनदारपणा टिकेल? आणि रुंद, ठळक, पण ‘ळ’ मोकळा असलेला दुसरा फॉन्ट कोणता? विकतचा असला तरी चालेल. कापलेल्या बोर्डाचा फोटो टाकलात तर फार उपयोग होईल.