मदत हवी आहे: भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपला मोठ्या कंपनीची नोटीस, उत्तर काय द्यायचं?

भोसरीची
नमस्कार. सरळ विचारते. भोसरी एमआयडीसीत आमचं टर्निंगचं (लेथवर धातूचे भाग करून देण्याचं) छोटं वर्कशॉप आहे, बाबांनी उभं केलेलं. एका मोठ्या कंपनीने आमचे पैसे अडकवलेत आणि वर आता त्यांच्याच वकिलाची नोटीस आलीय की मालात दोष होता, त्यांची उत्पादनाची लाइन थांबली, नुकसानभरपाई द्या. उत्तराला पंधरा दिवस दिलेत, त्यातले बरेच गेले. भाऊ म्हणतो, देतील ते घेऊन मिटवू. बाबा म्हणतात, केलेल्या कामाचा एक रुपया सोडायचा नाही. त्यांचे वकील दिल्लीचे. आमच्याकडे वकील म्हणजे गाळ्याचे कागद करून दिलेले एक ओळखीचे काका. अशा कंपनीशी लढता येतं का? कुठे जायचं? लवकर सांगा, प्लीज.

सीएनसी_चाकण
ताई, रक्कम किती, बिलं कधीची, पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) आहे की फोनवर काम चालू होतं? डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याचा कागद, आलीय का? रिजेक्ट माल परत आला का? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर काय सांगणार?

वसुली_अनुभवी
एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचं न्यायाधिकरण. दुसरा विचार करू नका. डिमांड नोटीस पाठवायची, दहा दिवस थांबायचं आणि दिवाळखोरीचा अर्ज टाकायचा. मोठ्या कंपनीला शेअर बाजारात नाव खराब होण्याची भीती असते. मी स्वतः असे पैसे काढलेत, अर्ज दाखल व्हायच्या आधीच आरटीजीएस आला.

नारायण_पेठ
मी मिटवा म्हणेन. कोर्टात वय जातं. आमच्या वाड्याचा दावा आजोबांनी लावला, निकाल माझ्या लग्नानंतर आला.

सीएनसी_चाकण
काका, वाड्याचा दावा आणि बिलाची वसुली यात फरक आहे. उगाच घाबरवू नका त्यांना.

उद्यम_मित्र
उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, ऑनलाइन होते. एजंटला पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून नवीन मर्यादा लागू आहेत: सूक्ष्मसाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत, लघुसाठी पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत.

भोसरीची
नोंदणी कशी करायची हे विचारलेलं नाही हो, ती आहे आमची. एकूण ३८ लाख येणं आहे. पीओ लेखी आहे, ऑगस्ट २०२३ चा, वर्षभराचा ओपन पीओ, किती माल कधी द्यायचा त्याचं शेड्यूल दर महिन्याला यायचं, पुढे वाढवला. माल म्हणजे बुश आणि स्पेसर हे सुटे भाग. आधी पैसे नीट आले. मग ऑक्टोबर २०२३ ची दोन बिलं अडकली, आणि फेब्रुवारी २०२४ पासून थोडे देणं, थोडे अडकवणं सुरू झालं. डिसेंबर २०२४ ला आम्ही माल बंद केला. मार्च २०२५ मध्ये ११ लाखांची डेबिट नोट आली, "बोअर ओव्हरसाइज" (भोक मापापेक्षा मोठं). एक नग परत आलेला नाही. नोटिशीत लाइन स्टॉपेजचे ६० लाख वेगळे मागितलेत. पीओवर क्रेडिट ९० दिवस लिहिलंय आणि वाद झाल्यास दिल्लीत लवाद असंही छापलंय.

कोर्ट_शिवाजीनगर
मी पुण्यात वकिली करते. आधी एनसीएलटीचं बोलू, कारण त्यात वेळ जाईल. मार्च २०२० पासून किमान थकबाकी एक कोटी लागते. यांची ३८ लाख आहे, अर्ज उभाच राहणार नाही. रक्कम बसती तरी दर्जाबद्दलचा वाद आधीपासून लेखी असेल तर तो अर्ज फेटाळला जातो, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच हे स्पष्ट केलंय.

भोसरीची, तुमचा रस्ता एमएसएमईडी कायदा २००६ चा, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठीच्या कायद्याचा. कलम १५ प्रमाणे लेखी करारात काहीही असलं तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, त्यामुळे पीओवरचे ९० दिवस टिकत नाहीत. उशिराला कलम १६ चं व्याज: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ बँक रेट ६.७५ होता, म्हणजे २०.२५ टक्के. दिल्लीच्या लवादाचं कलमही तुम्हाला बांधत नाही. पुरवठादार जिथे आहे तिथली सुविधा परिषद (या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणारी सरकारी संस्था) हे प्रकरण ऐकते, खरेदीदार देशात कुठेही असो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा कायदा खासगी लवाद करारापेक्षा वरचढ आहे.

आता दोन प्रश्न, नीट उत्तर द्या. उद्यम नोंदणीची तारीख काय आणि ती कोणाच्या नावावर आहे? माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी एकदा तरी लेखी हरकत घेतली होती का?

वसुली_अनुभवी
एक कोटीची मर्यादा मला माहीत आहे. व्याज धरून रक्कम वाढवता येते. परिषदेत वर्षं जातात. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, तिथे ९० दिवसांत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कोर्ट_शिवाजीनगर
३८ चे शंभर व्याजानेही होत नाहीत. परिषदेत उशीर होतो हे खरं. पण निवाडा लागल्यावर कंपनीला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. छोट्या माणसाला हे दुसरीकडे कुठे मिळतं ते सांगा.

कॅम्पातला_खवय्या
पुण्यात छोट्यांनी मोठ्यांशी टक्कर घेतलेली आहे. कॅम्पातल्या बर्गर किंग या आपल्या छोट्या हॉटेलचंच बघा. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये नावावरून दावा लावला, भारतात त्यांचं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. आपल्या जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये कंपनीचा दावा फेटाळला. मग हायकोर्टाने अपील चालू असेपर्यंत नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली. ताई, हिंमत सोडू नका.

नारायण_पेठ
म्हणजे २०११ चा दावा २०२५ मध्येही चालूच. मी हेच म्हणत होतो.

सीएनसी_चाकण
आणि तो ट्रेडमार्कचा वाद आहे. इथे नावाचा प्रश्नच नाही, उधारीचा आहे. ताई, तुम्ही पंधरा दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर द्या. आमच्या लाइनीत सगळं तिथेच अडतं. माल आत गेला, जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) झाला, गाडीला लागून विकलाही गेला, मग वर्षअखेरीला पर्चेसवाला टार्गेट गाठायला डेबिट नोटा काढत बसतो.

भोसरीची
पंधरा दिवसांत काहीही आलेलं नाही. प्रत्येक चलानवर गेटचा इनवर्ड शिक्का आहे, पीडीआय (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा) रिपोर्ट प्रत्येक लॉटबरोबर दिलाय. त्यांच्या व्हेंडर पोर्टलवर जीआरएन दिसतात, त्यात स्वीकारलेली संख्या असा रकाना आहे आणि तो भरलेला आहे.

उद्यमचं असं आहे की आधी बाबांची प्रोप्रायटरी होती, तिची नोंदणी २०२१ ची. २०२३ च्या जूनमध्ये भाऊ आणि बाबा अशी भागीदारी केली, नवीन पॅन, नवीन जीएसटी. भागीदारीचं उद्यम जानेवारी २०२४ चं. मशीन तीच, माणसं तीच, गाळा तोच. पीओ भागीदारीच्या नावावर आहे. याने काही फरक पडतो का? बाबा म्हणतात पंचवीस वर्षं तोच धंदा आहे, कागद कशाला बघतील.

कोर्ट_शिवाजीनगर
बघतील. कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच घेईल. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नोंदणीचा फायदा नोंदणीनंतरच्या पुरवठ्याला मिळतो, मागच्या तारखेने नाही. २०२२ च्या निकालात तर करार करतानाच नोंदणी हवी, असं आहे. तुमचा पीओ ऑगस्ट २०२३ चा, उद्यम जानेवारी २०२४ चं. पण जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, नोंदणी आधीच हवी का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवलाय. शिवाय ओपन पीओत दर महिन्याचं शेड्यूल हा वेगळा करार धरावा, असं मांडता येतं, कारण संख्या आणि तारीख शेड्यूलनेच ठरते. मी तरी तसंच मांडेन.

म्हणून बिलांचे दोन गठ्ठे करा. जानेवारी २०२४ नंतरच्या शेड्यूलची बिलं परिषदेकडे. ऑक्टोबर २०२३ ची दोन बिलं किती रकमेची?

भोसरीची
सहा लाख.

कोर्ट_शिवाजीनगर
मग ती व्यावसायिक न्यायालयात, तीन लाखांच्या वरची आहेत. तिथे दाव्याआधी कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची आहे, ती टाळून दावा टाकलात तर फेटाळला जाईल. मुदत तीन वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ उजाडायच्या आत हलायलाच हवं.

गेज_वाला
तुमच्याकडे त्यांचे गेज (माप तपासायची साधनं), फिक्श्चर असतीलच. ते देऊ नका. पैसे द्या, सामान न्या. सगळे असंच करतात.

कोर्ट_शिवाजीनगर
कृपा करून हे करू नका. ज्या वस्तूवर तुम्ही काम केलं ती मोबदल्यासाठी रोखून धरता येते. गेजवर तुम्ही काही काम केलेलं नाही. उद्या विश्वासघाताची तक्रार पोलिसात गेली की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, आणि तुमच्या भावाला भोसरी पोलीस स्टेशनला बसावं लागेल. यादी करा, फोटो काढा, "घेऊन जा" असं लेखी कळवा.

गेज_वाला
मॅडम, कागदावर सगळं बरोबर. पण ज्याच्याकडे लाखाचं गेज अडकलं त्याचे पैसे मिळतात, हे मी डोळ्याने बघितलंय.

आकडेमोड_सीए
तुम्ही त्या डेबिट नोटेवर क्रेडिट नोट (तेवढी रक्कम सोडल्याचा कागद) काढलीत का? नसेल तर अजिबात काढू नका. काढली की रिजेक्शन मान्य केल्यासारखं होतं. आणखी दोन गोष्टी कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना बोचतील. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांनी घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आणि आयकराच्या कलम ४३ब(ह) प्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना तो खर्च धरता येत नाही. कंपन्यांना दर सहामाहीला एमएसएमई फॉर्म १ सुद्धा भरावा लागतो, ४५ दिवसांच्या वरच्या थकबाकीचा. तुमचं नाव त्यात आहे का बघा. त्यांनीच थकबाकी दाखवली असेल तर दोषाची कहाणी कुठून आली, हे विचारता येईल.

ट्रेडर_मार्केटयार्ड
माझी बेअरिंगची ट्रेडिंग आहे, उद्यम आहे. मलाही ४५ दिवस लागू का?

आकडेमोड_सीए
नाही. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यममध्ये घेतलं ते फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जासाठी. वेगळा धागा काढा, इथे नको.

नारायण_पेठ
चेक दिला होता का त्यांनी? बाउन्स झाला असेल तर १३८ लावा.

भोसरीची
नाही हो काका, सगळं आरटीजीएस. कोर्ट मॅडम, मग नोटिशीला उत्तर काय लिहू? आणि ते ६० लाख ते खरंच मागू शकतात का? आमच्या नऊ कामगारांचा पगार आणि बँकेची सीसी (कॅश क्रेडिटचं कर्ज), दोन्ही याच पैशावर आहे. भाऊ रात्री झोपत नाही. मिटवायला तो तयार आहे ते घाबरून, आम्ही खोटे आहोत म्हणून नाही.

कोर्ट_शिवाजीनगर
मागू शकतात. परिषदेसमोर खरेदीदाराला प्रतिदावा करता येतो, हेही २०२१ च्याच निकालात आहे. मागणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं. कोणत्या लॉटमुळे, कोणत्या तारखेला, किती वेळ लाइन थांबली आणि त्या दिवशी तुम्हाला मेल का गेला नाही, हे त्यांना दाखवावं लागेल. एमएसएमईडी कायद्याच्या कलम २(ब) प्रमाणे माल पोचल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर तो पोचल्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं. डिसेंबरचा शेवटचा लॉट आणि मार्चची डेबिट नोट. तुमचं उत्तर याच दोन तारखांवर उभं राहील.

उत्तर ओळखीच्या काकांकडून गेलं तरी चालेल, पण त्यात रिजेक्शन सरळ नाकारा, दोषी म्हणतात तो माल तपासणीसाठी हजर करा म्हणा, आणि "सहकार्याच्या भावनेने काही रक्कम सोडायला तयार आहोत" असलं वाक्य चुकूनही घालू नका. मिटवायचं असेल तर ते परिषदेच्या सलोख्यात मिटवा, पहिली पायरी तीच असते. तिथे भावाचंही ऐकता येईल.

आणि आज रात्रीच, अगदी आजच, व्हेंडर पोर्टलवरचे सगळे जीआरएन उतरवून घ्या. वाद सुरू झाला की पहिलं लॉगिन बंद होतं. कोणी, कधी, कोणत्या कॉम्प्युटरवर उतरवले ते लिहून ठेवा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

सीएनसी_चाकण
चलानचे मूळ कागद झेरॉक्सला बाहेर देऊ नका, घरीच स्कॅन करा. कार्बन कॉपीवरचा शिक्का फिका पडतो. ड्रायव्हरची पोच असेल तर तीही शोधा.

वसुली_अनुभवी
लॉगिन बंद होतं हे मात्र शंभर टक्के खरं. एनसीएलटीबद्दल माझं मत कायम आहे, पण ते उतरवून घ्या आधी.

भोसरीची
लॉगिन अजून चालू आहे. भाऊ उतरवतोय, मी महिन्याप्रमाणे लावतेय, एप्रिल २०२४ पर्यंत झालंय. एका जीआरएनवर स्वीकारलेली संख्या पाठवलेल्या संख्येपेक्षा ४० ने कमी दिसतेय, जुलै २०२४ चा लॉट. बाकी सगळीकडे पूर्ण. याचं काय करायचं?

कोर्ट_शिवाजीनगर
लपवू नका. ते ४० नग बिलातून वजा करून दावा लावा. त्यांनी हरकत घ्यायची तेव्हा घेतली होती आणि बाकीच्या लॉटला घेतली नाही, हे त्याच कागदावरून दिसतं. परिषदेकडे ऑनलाइन अर्ज भरताना पीओ, बिलं, जीआरएन आणि उद्यम प्रमाणपत्र जोडायचं आहे. अडलात तर शिवाजीनगरला जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. सोमवारी उत्तराचा मसुदा इथे टाकू नका, मला निरोपातून पाठवा.