अनुभव: गोष्ट सांगणारे आणि "हं" म्हणणारे

नमस्कार. मी सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. गाव मंगळवेढ्याच्या बाजूला, ज्वारीचा मुलूख. घरात आजी, आई-वडील, चुलते-चुलती, चुलत बहीण आणि दोन म्हशी. क्रिकेट बरं खेळतो, कविता वाईट करतो आणि गोंधळ, कीर्तन, जत्रेतली भारुडं असं काही असलं की अभ्यास सोडून जातो. लोकसाहित्याचा पेपर घेतला तेव्हा मित्र म्हणाले, सोपा आहे, मार्क सुटतात. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "तोंडी गोष्ट सांगणारं माणूस कुणाच्या घरात अजून आहे?" अख्ख्या वर्गात सात हात वर झाले. त्यातला एक माझा.

प्रकल्पाला मी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेतली. एकच गोष्ट पाच-सहा घरांतून ऐकायची आणि कुठे काय बदलतं ते टिपायचं. सुरुवात अर्थात आजीपासून. दिवाळीच्या सुट्टीत रात्री मोबाईल उशाशी ठेवला, पंखा बंद केला, गोठ्याकडचं दार ओढून घेतलं. आवाज स्वच्छ यावा म्हणून मी स्वतः चकार शब्द काढला नाही. आजीनं म्हातारीला रानापर्यंत नेलं, कोल्हा भेटवला आणि थांबली. "झोपला का रं?" मी मान हलवली. अंधारात मान कुणाला दिसते! दोन वाक्यं झाली, पुन्हा "झोपला का?" शेवटी "पेंगतंय प्वार" म्हणून तिनं कूस बदलली. रेकॉर्डिंग चार मिनिटं बारा सेकंदांचं. त्यात वाघ येतच नाही.

मग आठवलं. लहानपणी आम्हाला दर वाक्याला "हं" म्हणावं लागायचं. चुकलं की गोष्ट तिथेच उभी. माझी चुलत बहीण या कामात पटाईत होती. ती झोपेतसुद्धा "हं" म्हणायची आणि आजीला ते ओळखू यायचं. हे मी कसं विसरलो कोण जाणे.

तर तुमच्याकडे गोष्ट कोण सांगायचं हे लिहाच, पण त्याहून जास्त मला हे हवंय: ऐकणाऱ्याला काय काम असायचं?

सहा मोती

मी साताऱ्याची, वय साठीच्या पुढे. आमच्याकडे श्रावणातल्या कहाण्या. हातात तांदळाचे चार दाणे घेऊन बसायचं आणि कहाणी संपली की ते देवापुढे वाहायचे. दाणे घामानं ओले व्हायचे, तरी मूठ सोडायची नाही. एवढंच आमचं काम, पण त्यामुळे हात आणि लक्ष दोन्ही बांधलेलं राहायचं.

तुझा प्रश्न वाचून मला आदित्यराणूबाईची कहाणी आठवली. त्यातल्या राणीला कहाणी सांगायची असते, पण ऐकायला कुणी उपाशी माणूस हवा. म्हणून ती गावात हाकारा करायला लावते. गावात कुणी मिळत नाही, तेव्हा रस्त्यावरच्या मोळीविक्याला बोलावते. सहा मोती घेते, तीन त्याला देते, तीन स्वतःकडे ठेवते. ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो. त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. बघ, मोती निम्मे-निम्मे. सांगणारीला तीन, ऐकणाऱ्यालाही तीन. लहानपणापासून शंभर वेळा ऐकली असेन, पण ही वाटणी आज पहिल्यांदा डोळ्यांत भरली.

आता फ्लॅटमध्ये दोघंच. हे वर्तमानपत्र वाचत बसतात आणि मी पुस्तक घेऊन कहाणी वाचते. मोठ्यानं वाचते. मागच्या श्रावणात "साठा उत्तराची कहाणी" म्हटलं आणि पेपराआडून आवाज आला, "सुफळ संपूर्ण." म्हणजे ऐकत होते तर!

दिवटी

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, कुलदैवत तुळजाभवानी. घरात लग्न झालं की गोंधळ ठरलेला. चौक भरायचा, दिवटी पेटवायची, संबळ आणि तुणतुणं सुरू झालं की लहान पोरांनी पुढची जागा धरायची. आधी देवदेवतांना गोंधळाला या म्हणून आवाहन. ते लांबतं, आणि तेव्हा आम्ही शेंगदाणे खायचो. नंतर आख्यान.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गोंधळात उभं असतं, तेही अंगरखा घालून. मुख्य गोंधळ्याच्या, म्हणजे नाईकाच्या शेजारी एक साथीदार असतो. नाईक गंभीरपणे कथा लावतो आणि हा मध्येच भलतेच प्रश्न विचारतो. एकदा जांभूळ आख्यान लागलं होतं. पाच पती असूनही द्रौपदीच्या मनात कर्ण येतो, तिथपर्यंत नाईक आला आणि साथीदार म्हणाला, "म्हंजी पाच कमी पडले व्हय?" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझी आजीही. मग नाईक त्याला समजावणार, म्हणजे खरं तर आम्हाला समजावणार, आणि बघता बघता हसणं बंद होऊन मंडप चिडीचूप. या सवाल-जवाबाला संपादणी म्हणतात.

मी पुष्कळ वर्षं त्या साथीदाराला बावळट समजत होतो. पुढे नोकरीत बैठका घ्यायला लागलो, तेव्हा कळलं की सगळ्यांच्या मनातला खुळा प्रश्न योग्य वेळी विचारणारा माणूस किती दुर्मीळ असतो. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये तू नाईक बसवलास आणि साथीदाराला गप्प केलंस.

पीठ आणि मीठ

मुद्दा छान आहे, पण सगळे मिळून रेकॉर्डिंगला नावं ठेवणार असाल तर माझा विरोध नोंदवते.

मी मुळशीकडची. माझी आई आणि मोठी काकू एका जात्यावर बसायच्या, समोरासमोर, एका खुंट्याला दोघींचे हात. एक ओवी सुरू करायची, दुसरी उचलायची. गावात चक्की आली आणि जातं माळ्यावर गेलं. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. पहाटे तीनला उठून दळणं ही काही मौज नव्हती. शहरात जात्याच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. पण चक्कीपुढे रांगेत उभं राहून कोण ओवी म्हणणार? जातं गेलं तशी ओवीची जागा गेली.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या जमवण्याचं जे काम उभं केलं, त्यात हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. 2017पासून त्या 'पारी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर येताहेत, म्हणणाऱ्या बाईच्या नावागावासकट. हे नावाचं फार महत्त्वाचं. नाहीतर "लोकांनी रचलेलं" म्हटलं की कुणाचंच नाव नको, असा आपल्याकडे रिवाज. मी आईला त्यातल्या काही ओव्या फोनवर लावून दिल्या. ती तिसऱ्या ओळीला मान डोलवायला लागली आणि म्हणाली, "आमच्याकडं ही अशी नाही," आणि तिची वेगळी म्हटली. पाच-सहा म्हटल्या. तिला येतात हे मला माहीतच नव्हतं.

मग ती बाई फोनमधून सांगत होती आणि माझी आई हुंकार देत होती, असं म्हणायचं की नाही?

चाकरमानी

आमच्या कोकणातल्या दशावतारी नाटकात संहिता छापलेली नसते. कोण कुठली भूमिका करणार आणि आज कुठलं आख्यान हे ठरतं, बाकीचे संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर. आधी आड दशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग होतो, संकासुर राक्षस येऊन धुमाकूळ घालतो, मग मुख्य आख्यान. आमच्या जत्रेत पुढच्या रांगेत एक आजोबा बसत. कुणा राजानं आपली वंशावळ चुकीची सांगितली की ते जागेवरून मोठ्यानं दुरुस्त करत. एका वर्षी राजा तलवारीवर हात ठेवून म्हणाला, "प्रधानजी, प्रजेमध्ये पंडित फार झाले आहेत, कर वाढवा!" आजोबा सगळ्यात जास्त हसले. नटानं वंशावळ मात्र पुढच्या प्रवेशात सुधारून घेतली.

जाता जाता: कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन ये. ठाकर समाजाची चित्रकथी तिथे अजून आहे. चित्रांची पोथी पुढ्यात, एकेक चित्र उभं धरून कथा सांगायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. उकड्या तांदळाची पेज पण खाऊन ये, ती प्रकल्पात लिहू नकोस.

दोन सेकंद उशिरा

मी जर्मनीत रुग्णालयात काम करते. रविवारी नाशिकच्या भाचीला व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगते. नेट मंद असलं की तिचं "मग?" दोन सेकंद उशिरा येतं. तोवर मी पुढचं वाक्य सुरू केलेलं असतं. दोघी एकदम थांबतो, दोघी एकदम "बोल बोल" म्हणतो आणि वाघ बिचारा तोंड उघडून तसाच.

लिहायचं कारण तुझा भोपळा. जेवणाच्या सुट्टीत मी हा गोंधळ सांगत होते. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो, ती म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग खा. इथवर आले आणि माझी इराणी सहकारी म्हणाली, "आणि येताना भोपळ्यात बसून येते." मी घास तसाच धरून बसले. त्यांच्याकडे तिचं नाव कदू क़ेलक़ेलेज़न, म्हणजे गडगडत जाणारा भोपळा. लेकीकडेच जाते, प्राणी भेटतात, सगळं तेच. नंतर शोधलं तर बंगालीतही आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 1910च्या 'टुनटुनिर बोई'त म्हातारी लाऊत, म्हणजे दुधी भोपळ्यात बसून येते. जगभरच्या लोककथांची जी आर्ने-थॉम्पसन-उथर सूची आहे, तिच्यात "थांब, मी लठ्ठ होते, मग खा" या प्रकाराला क्रमांकच आहे, 122एफ. मला आधी जरा राग आला, आपली म्हातारी आकड्यात बसवली म्हणून. मग वाटलं, भोपळ्यात बसली तशी आकड्यातही बसेल आणि निसटेल.

आमची म्हातारी टुणूक टुणूक जाते, त्यांची गडगडत. उडी मारणारा भोपळा फक्त मराठीत आहे का, हे शोधून सांग.

मामा

गोंदियाकडे आमची आजी दिवसा गोष्ट सांगायची नाही. "दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकते." मामा दर शनिवारी एसटीनं यायचे. एका शनिवारी मी हट्टानं दुपारी गोष्ट ऐकली आणि त्या दिवशी मामा आलेच नाहीत. एसटी बंद पडली होती. मी आठवडाभर जेवलो नाही नीट. आता मी स्वतः मामा आहे आणि भाच्यांना कटाक्षानं रात्रीच सांगतो.

खडू

पालघर जिल्ह्यात शिक्षिका आहे. चौथीच्या मुलांना म्हटलं, घरी ऐकलेली गोष्ट सांगा. एक मुलगी उभी राहिली आणि पुस्तकातली ससा-कासवाची घडाघडा म्हणाली. "ही नको, आजीची." गप्प. "बाई, ती आमच्या बोलीत हाय." सांग म्हटलं. ती वारलीत सांगायला लागली आणि अख्खा वर्ग पुढे सरकला. मला निम्मं कळलं नाही. पोरं जिथे हसली तिथे मी हसले. त्या दिवशी वर्गात ढ मीच होते.

जुनी पानं

ग्रंथालयात काम करतो, म्हणून एक जुनी गोष्ट. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर होते, मुलगी मेरी बरोबर होती. प्रवासात सोबतीला तिची आया, ॲना लिबराटा डिसूझा, ख्रिस्ती घरातली. मेरीनं गोष्ट सांग म्हटलं, ॲनानं आपल्या आजीकडून ऐकलेल्या सांगितल्या आणि मेरीनं लिहून घेतल्या. 1868 साली लंडनला पुस्तक निघालं, 'ओल्ड डेक्कन डेज'. मुखपृष्ठावर नाव मेरीचं. पण आत सुरुवातीला ॲनाची स्वतःची हकिकत तिच्या शब्दांत दिली आहे, आणि त्या काळात हेही थोडकं नव्हे. मला गोष्टींपेक्षा ती पानं जास्त आवडतात. तुझ्या प्रकल्पात आजीची हकिकतही घे. भोपळा किती ठिकाणी मिळेल, ती एकाच घरात आहे.

मीच, मंगळवेढ्याहून

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. संक्रांतीला घरी आलोय.

परवा रात्री पुन्हा प्रयत्न केला. पंखा बंदच होता, थंडीच आहे. गोठ्याचं दार उघडं ठेवलं. चुलत बहीण शेजारी बसवली. तिची बारावीची परीक्षा तोंडावर आहे, तरी पुस्तक टाकून आली. मोबाईल मधोमध.

सदतीस मिनिटं झाली. मला वाटत होतं ही पाच मिनिटांची गोष्ट. पण बहिणीनं विचारलं, लेकीचं गाव कुठलं? आजी म्हणाली, माचणूर. मग वाटेत भीमा लागली, मग नावाडी आला, मग नावाड्यानं म्हातारीकडे पैसे मागितले आणि आजीनं पाच मिनिटं नावाड्याला शिव्या दिल्या. त्या कापणार नाही. वाघाच्या जागी आमच्याकडे लांडगा आहे, हेही कळलं. "हिकडं वाघ कुठला?" म्हणाली. लहानपणी मात्र तिनं वाघच सांगितला होता, मला पक्कं आठवतं. विचारलं तर म्हणते, "तवा तू लहान व्हतास. लांडग्याला भ्याला असतास, खरा असतो तो."

ग्रंथालयवाल्या काकांचं ऐकून मी हळूच विचारलं, "आजी, तुला ही कुणी सांगितली?" ती म्हणाली, तिच्या आत्यानं. आत्या कुठली, तर तिकडची, कर्नाटकातली, कानडी बोलायची. म्हणजे आमचा भोपळा बहुतेक कानडीतून टुणूक टुणूक आलेला. आत्याबद्दल ती आणखी काही सांगणार होती. तेवढ्यात म्हैस ओरडली, चुलते उठले, दिवा लागला. आजीनं पदर सारखा केला आणि बहिणीला विचारलं, "कुठवर आलं हुतं गं?"

बहीण म्हणाली, "आत्या."

मी म्हणालो, "हं."